एटापल्ली आणि नागरी संरक्षण

१९६८च्या नागरी संरक्षण अधिनियमाचा रोख शत्रूच्या हल्ल्यावर होता. त्यामुळे तयारी शहरांत, बंदरांत आणि कारखान्यांभोवती झाली. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूर अणुवीज केंद्राची गोष्ट आणखी वेगळी: किरणोत्सार पसरल्यास दारे-खिडक्या लावून घरात थांबायचे, सांगितल्यावरच आयोडीनची गोळी घ्यायची, वेळ पडली तर गाव सोडायचे. ७ मे २०२५च्या देशव्यापी नागरी संरक्षण सरावात मुंबई, उरण, तारापूर पहिल्या श्रेणीत होते. गडचिरोली जिल्हा सरावाच्या यादीतच नव्हता. त्याच जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या जंगलपट्ट्यात धोका म्हणजे पावसाळ्यात पुलावर चढलेले पाणी, आणि हल्ल्याचा इशारा देणाऱ्या भोंग्यापेक्षा कोतवालाची दवंडी ओळखीची. अशा धोक्यांसाठी २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आले. १९६८च्या अधिनियमातील २००९च्या दुरुस्तीने नागरी संरक्षणाच्या व्याख्येतही आपत्ती व्यवस्थापन बसले.