मुलींचा फुटबॉल आणि प्राथमिक शाळेचे पटांगण

कोणत्याही खेळाचा पाया बालपणीच घातला जावा लागतो. तो तसा न घातल्यास काय होते आणि घातल्यास काय साधते, हे भारताच्या मुलींच्या फुटबॉल संघांच्या आंतरराष्ट्रीय कामगिरीवरून स्पष्ट होते.

सतरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा २००८ पासून भरते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती भारतात भुवनेश्वर, मडगाव व नवी मुंबई येथे झाली. यजमान या नात्याने भारतीय संघास तीत प्रथमच प्रवेश मिळाला. परंतु अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असे तिन्ही सामने त्याने गमावले. सोळा गोल झाले. परतफेड एकाचीही झाली नाही.

मुलींच्या जिद्दीत मात्र न्यून नव्हते. कर्णधार अष्टम उराँव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील, मोलमजुरी करणाऱ्या आदिवासी कुटुंबातील कन्या होय. उणीव होती ती लहानपणापासूनच्या सरावाची आणि बरोबरीच्या संघांशी वारंवार सामने खेळण्याची. अमेरिकेतील मुलींच्या पायांशी चेंडू शाळेच्या आरंभीच्या वर्षांतच खेळू लागतो.

पुढील तीन वर्षांत चित्र पालटू लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांखालील संघाने यांगून येथे म्यानमारला १-० असे हरविले व तो २००६ नंतर प्रथमच आशियाई स्पर्धेस पात्र ठरला. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील संघाने बिश्केक येथे उझबेकिस्तानविरुद्ध पिछाडी भरून काढून २-१ असा विजय मिळविला व २००५ नंतर प्रथमच आशियाई स्पर्धेत स्थान मिळविले.

यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या तडवी व पावरा समाजांतील मुलींना डोंगरवाटा चालण्याची सवय असते. त्यांच्या काटकपणास वळण मिळाले पाहिजे. मुले पटांगणावर आणि मुली कडेला, अशी विभागणी जेथे असेल तेथे ती मोडावी. मुलींसाठी वेळापत्रकात निश्चित तासिका ठेवावी. उन्हाळ्यात ती सकाळच्या प्रहरी घ्यावी. फक्कीने लहान चौकोन आखून पाच-पाच जणींचे संघ करावेत. प्रथम चेंडू थांबविणे, मग पायाच्या आतील बाजूने सोबतिणीकडे देणे, हा क्रम ठेवावा. गोलांची मोजणी मागाहून होईल. प्रत्येक मुलीच्या पायाला चेंडू किती वेळा लागला, हे आधी पाहावे.