गिटारच्या ट्यूब अँपसाठी व्हेरिअ‍ॅक निवडताना



इंजिनिअरिंगच्या लॅबमधला 'डिमरस्टॅट' आठवतो? इकडे अमेरिकेत त्यालाच व्हेरिअ‍ॅक म्हणतात. मुलांसाठी जुना ट्यूब अँप घेणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. १९५० च्या दशकातला फेंडर चॅम्प ११७ व्होल्टसाठी बनवलेला. आज घरात १२० किंवा थोडे जास्तच व्होल्ट येतात.

किती अँपिअरचा घ्यावा? चॅम्पचे ५ वॅट हे स्पीकरला मिळणारे. भिंतीतून तो साधारण ५० वॅट, म्हणजे अर्ध्या अँपिअरच्या आसपास घेतो. तेव्हा २-३ अँपिअरचा व्हेरिअ‍ॅक पुरे. २० अँपिअरचे धूड नको.

फ्यूज, तीन पिनांचे सॉकेट आणि व्होल्टमीटर असलेलाच घ्या. बऱ्याच व्हेरिअ‍ॅकची तबकडी १३०-१४० व्होल्टपर्यंत जाते, त्यामुळे नुसत्या अंदाजाने फिरवू नका. ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि तेही त्याच प्रमाणात उतरतात. म्हणून नेहमीच्या वापरात १०५ च्या खाली जाऊ नये, असे आम्ही सुचवू.

सर्वांत महत्त्वाचे: व्हेरिअ‍ॅकमध्ये एकच वाइंडिंग असते. व्होल्टेज कमी झाले तरी अँप मेन्सपासून वेगळा होत नाही, शॉकचा धोका तसाच राहतो. दोन पिनांचा जुना अँप असेल तर आधी जाणकाराकडून तीन पिनांची वायर बसवून घ्या, मगच मुलांच्या हाती गिटार द्या. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट उरू शकतात. अँप स्वतः उघडू नका.

एवढे सांभाळले की मग खुशाल वाजवू द्या!