उंदराचे ताट आणि कर्करोग

घरात कुणाला कर्करोग झाला की औषधाच्या आधी पथ्याची चर्चा सुरू होते. एक म्हणतो, डाळी-दूध बंद करा, गाठीला खुराक मिळतो. दुसरा म्हणतो, भरपूर खाऊ घाला. प्रयोगशाळेत हाच प्रश्न उंदरांना विचारला गेला आहे, आणि त्यांचे उत्तर दोन्ही पक्षांना अडचणीत टाकणारे आहे.

अशा उंदरांशी पुण्याचे जुने नाते आहे. हुजूरपागा व फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवरच स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. आहाराचा प्रश्न मात्र हैदराबादेत गाजला. भुईमुगाच्या बुरशीत ॲफ्लाटॉक्सिन नावाचे विष असते. माधवन व गोपालन या संशोधकांनी ते पांढऱ्या उंदरांना दिले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एका गटाच्या खाद्यात २० टक्के प्रथिन होते, दुसऱ्याच्या ५ टक्के. यकृताच्या गाठी आल्या त्या चांगले खाणाऱ्या गटात! कारण, विषाला कर्करोगकारक रूप देणारी यकृतातील विकरे हीसुद्धा प्रथिनेच. ती आहाराबरोबर घटतात. पण याच संशोधकांनी १९६५ साली दाखविले होते की, कमी प्रथिने खाणाऱ्या उंदरांच्या यकृताला त्या विषाची तत्काळ इजा अधिक होते. गाठ नाही म्हणजे प्रकृती उत्तम, असे नव्हे.

आता प्रतिकारशक्तीकडे वळू. तिचे, ढोबळपणे, दोन हात: रक्तातील प्रतिद्रव्ये आणि शत्रूला प्रत्यक्ष भिडणाऱ्या लिंफ-पेशी. अमेरिकेत रॉबर्ट गुड व त्यांचे सहकारी होझे यांनी १९७०च्या सुमारास पाहिले की, प्रथिने बेताने कमी केली तर प्रतिद्रव्ये घटतात, पण पेशींचा हात शाबूत राहतो. गंमत अशी की, काही प्रतिद्रव्ये गाठीवर चिकटून तिलाच आडोसा देतात. ती घटली की पेशींना वाट मोकळी होते. मात्र प्रथिने फारच तोडली तर दुसरा हातही लुळा पडतो. लिंफ-पेशींना तयार करणारी छातीतील थायमस ग्रंथी कुपोषणात अक्षरशः सुकते.

मग रोग्याला पेजेवर ठेवावे काय? आमच्या मते हा हिशेबच चुकीचा आहे. प्रयोगातला उंदीर आधी धडधाकट असतो, गाठ त्याला बाहेरून दिलेली असते आणि त्याचा पिंजरा स्वच्छ असतो. वॉर्डातल्या माणसाचे स्नायू रोगानेच झिजत असतात. औषधांनी पांढऱ्या पेशी उतरतात, आणि साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो. म्हणून आज डॉक्टर अशा रोग्याच्या प्रथिनांत काटछाट करीत नाहीत; उलट निरोगी माणसापेक्षा काहीशी जास्तच सांगतात. मूत्रपिंडे अधू असतील, तर प्रमाण तेच ठरवतात.