क्षयरोग्याच्या ताटाचा खर्च कुणी करायचा?

भारतात क्षयरोगाचे औषध फुकट मिळते. निदान झाले की रुग्णाचे नाव सरकारी यादीत चढते, आशाताई घरी येऊन चौकशी करतात आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून बिनपैशांनी मिळतात. एवढी यंत्रणा उभी असूनही जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश एकट्या भारतात आहेत. याचे उत्तर नुसत्या जंतूत सापडत नाही. क्षयाचा जंतू कोट्यवधी भारतीयांच्या शरीरात निपचित पडून असतो आणि त्यातल्या बहुतेकांना जन्मभर काहीही होत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती ढासळते, त्यांच्यात तो डोके वर काढतो. मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखू अशी त्याची अनेक कारणे आहेत. पण आपल्याकडे सर्वांत मोठे कारण म्हणजे अपुरे आणि निकस अन्न. म्हणून या रोगात ताटात काय पडते, हा प्रश्न गोळ्यांइतकाच वैद्यकीय आहे. त्याचा खर्चही गोळ्यांप्रमाणेच सरकारी तिजोरीतून, हक्क म्हणून व्हायला हवा.

या म्हणण्याला भक्कम पुरावा आहे. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातली दहा हजारांहून अधिक माणसे यांचा अभ्यास केला. उपचार सुरू झाले तेव्हा पाचांतले चार रुग्ण कुपोषित होते. प्रत्येक रुग्णाला दरमहा दहा किलोंचा शिधा देण्यात आला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या. निम्म्या गटांत रुग्णाच्या घरच्या प्रत्येक प्रौढालाही महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ मिळाली. ज्या घरांना हा शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले आणि थुंकीच्या तपासणीत सिद्ध होणारा फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. चाळीस किलोंच्या माणसासाठी पाच टक्के म्हणजे अवघे दोन किलो वजन. त्यासाठी लागणारा शिधा कोणत्याही किराणा दुकानात मिळतो.

यावर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या क्षयरोग उपचार केंद्राने गरीब वस्तीतल्या रुग्णांचे दोन गट केले. एक गट आरोग्यधामात विश्रांती आणि सकस आहार घेत होता, दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरात राहून तुटपुंजे अन्न खात होता. औषधे दोघांनाही सारखीच होती, आणि बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. गरीब देशांना क्षयरोगावर उपचार परवडू लागले ते या अभ्यासामुळे. तो नसता तर उपचार मिरज-पाचगणीच्या आरोग्यधामांत खाट मिळवू शकणाऱ्यांपुरतेच राहिले असते. पण त्यातून पुढे निष्कर्ष काढला गेला तो मात्र गरजेपेक्षा मोठा: आहाराने काही फरक पडत नाही. मद्रासने दाखवले ते इतकेच की, औषधे नियमित घेतली तर जंतू मारायला आरोग्यधामाची गरज नाही. हाडांचा सापळा झालेला रुग्ण पहिले दोन महिने तगेल का, त्याच घरातला दुसरा माणूस आजारी पडेल का, या प्रश्नांची उत्तरे त्या अभ्यासात नव्हती. ती झारखंडने दिली.

भुकेला जोडून येते ती बुडालेली मजुरी. नाक्यावर उभा राहणारा गवंडी किंवा ऊसतोड मजूर आजारपणात महिना-दोन महिने कामावर जाऊ शकत नाही. त्याला पगारी रजा नाही आणि बहुतेकदा विमाही नाही. निदान होण्याआधीच खासगी डॉक्टर, खोकल्याची औषधे आणि एक्स-रे यांत पैसे गेलेले असतात. मग उचल घेतली जाते, दागिना गहाण पडतो आणि खर्चाला कात्री लागते ती आधी दूध-डाळीला. घरातली बाई रुग्णाची सेवा करते आणि आपल्या पानात कमी वाढून घेते. पुढचा रुग्ण अशा घरातच तयार होतो.

सरकारला हे अगदीच कळलेले नाही, असे नाही. निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून रुग्णाला दरमहा ५०० रुपये मिळत होते; नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पण घरच्यांचा शिधा, ज्याचा परिणाम झारखंडमध्ये सिद्ध झाला, तो ‘निक्षय मित्र’ म्हणवणाऱ्या देणगीदारांवर सोपवला आहे. व्यक्ती, संस्था, कंपन्या रुग्ण दत्तक घेतात आणि शिध्याची टोपली देतात. त्यांच्या सद्भावनेचा आदरच आहे. पण देणगी तिथेच पोहोचते जिथे देणारा असतो. पुण्या-मुंबईत देणारे भेटतील. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर कोण भेटणार? देणगीदार चौथ्या महिन्यात थांबला, तर रुग्णाला त्याच्याकडे मागणी करता येत नाही. क्षयावरच्या रिफॅम्पिसिनची गोळी दात्याच्या मर्जीवर देण्याची कल्पना आपल्याला सहन होणार नाही. मग त्याच उपचाराचा भाग असलेली डाळ तरी मर्जीवर का?

एवढा पैसा आणायचा कुठून, हा पुढचा प्रश्न. रुग्णाची मदत दुप्पट करताना केंद्राने वाढीव खर्च सुमारे १,०४० कोटी रुपये धरला आणि तो केंद्र व राज्यांत ६०-४० असा वाटला. देशाच्या अंदाजपत्रकापुढे ही रक्कम लहान आहे. घरच्यांचा शिधा धरला तर ती काही पटींनी वाढेल, तरीही आवाक्यातच राहील. आणि महाराष्ट्राने तर याचा मार्ग पन्नास वर्षांपूर्वीच घालून दिला आहे. दुष्काळात गावातल्या मजुराला काम मिळावे म्हणून रोजगार हमी उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला आणि १९७७ साली हमीचा कायदा झाला. आजही शहरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपयांची ती ओळ दिसते. मजूर ज्याच्या शेतात राबतो त्याच्याकडून, किंवा गावातल्या दानशूरांकडून नव्हे, तर साऱ्या कमावत्या समाजाकडून हा पैसा घ्यायचा, असे या राज्याने ठरवले. तेच तत्त्व इथेही लागू पडते.

क्षयरोगालाच वेगळा न्याय का, असेही विचारले जाईल. कर्करोग, मूत्रपिंडाचे विकारही माणसाला कंगाल करतात, आणि त्या रुग्णांचा दावाही खराच आहे. पण क्षय हवेतून पसरतो. मजुरीसाठी गोळ्या अर्धवट सोडलेला माणूस औषधांना दाद न देणारा क्षय घेऊन लोकलच्या डब्यात उभा राहतो. त्या रोगाचा उपचार कैक पटींनी महाग असतो, आणि तो खर्चही अखेर सरकारच करते. म्हणजे पैसे आपण देणारच आहोत; आज शिध्याला द्यायचे की उद्या त्या महागड्या उपचाराला, एवढीच निवड उरते. हातात रोख दिली तर दारूत जाईल, ही शंका असेल तर रेशन दुकान आहेच: त्याच दुकानातून, त्याच कार्डावर, उपचार चालू असेपर्यंत घरातल्या प्रत्येकाला डाळ आणि तेल वाढवून द्यावे. अन्नसुरक्षा कायद्याचे माणशी पाच किलो धान्य पोट भरते, पण प्रथिनांची उणीव भरून काढत नाही. राज्य सरकारने ही तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली करावी, ती रुग्णाचा हक्क म्हणून जाहीर करावी आणि शिधा न मिळाल्यास तक्रार कुठे करायची हे उपचार कार्डावरच छापावे.