सह्याद्रीची चूल अजून पेटलेली (लेखांक ६)

मागच्या लेखात दख्खनच्या लाव्हाचे थर पाहिले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो लाव्हा ज्या तप्त स्थानावरून वर आला, ते आजही जागे आहे असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. वरचे भूपट्ट सरकत गेले, चूल मात्र खालीच राहिली. वाटेत मालदीव, चागोस, मॉरिशस यांचा पाया तिने घातला. आज ती हिंदी महासागरातल्या रियुनियन या फ्रेंच बेटाखाली आहे. मॉरिशसला सुट्टीसाठी जाणारे मराठी लोक पुष्कळ. तिथे मराठी वंशाचा समाजही आहे. तिथून रियुनियन विमानाने जेमतेम पाऊण तासावर. एक दिवस काढाच.

पहाटे निघावे, कारण उन्हे वर आली की माथ्यावर ढग चढतात. बूर-म्यूरा गाव सोडले की रस्ता विटकरी राखेच्या ओसाड पठारावरून जातो आणि पा द बेलकोंबच्या कड्याशी, सुमारे २,३०० मीटर उंचीवर संपतो. समोर पितों द ला फूर्नेझ, २,६३२ मीटर. उद्रेक नसेल तर फाटक उघडे असते. पाचशेच्या वर पायऱ्या उतरून खालच्या लाव्हाच्या मैदानात जाता येते. पुढची वाट दगडांवरच्या पांढऱ्या खुणा दाखवतात. दोरखंड वळून ठेवल्यासारखा गोठलेला लाव्हा इथे पावलापावलाला दिसतो. इथल्या दगडातली बुडबुड्यांची भोके रिकामी आहेत. आपल्याकडे तीच भोके पुढे भूजलाने खनिजांनी भरली. वाघोलीच्या खाणीतला निळा कॅव्हनसाइट त्यातलाच.

माथ्यावरचे दोलोम्यू विवर २००७च्या एप्रिलमध्ये तीनशे मीटरहून जास्त खचले. खालून लाव्हा निघून गेला, वरचे छप्पर बसले.

मला विचाराल तर दुपार मात्र समुद्राकाठच्या रस्त्यासाठी राखावी. पितों सेंत-रोझच्या चर्चमध्ये १९७७ साली लाव्हा दारातून जरासा आत शिरला आणि थांबला; लोक अर्थातच याला चमत्कार म्हणतात. पुढे रस्ता एकामागून एक प्रवाह ओलांडतो आणि कडेच्या पाट्यांवर त्यांची साले असतात. ताज्या प्रवाहावर करडी दगडफुले, जुन्यावर नेचे, त्याहून जुन्यावर झाडी. मातीचा जन्म सालवार वाचता येतो, आणि माथ्यावरच्या विवरापेक्षा मला हेच जास्त मोलाचे वाटते. कारण दख्खनमध्येही दोन उद्रेकांच्या मधल्या काळात दगड असाच कुजला, आणि मग त्यावर पुढचा लाव्हा पसरला. फरक आहे तो आकाराचा: महाबळेश्वरच्या कड्यात अशा थरांची चळत हजार मीटरहून उंच आहे. घाटरस्त्याच्या कापात काळ्या दगडांमध्ये दिसणारे तांबडे पट्टे म्हणजे बऱ्याचदा ती दबून भाजलेली जुनी माती असते. काही पट्टे मात्र ज्वालामुखीच्या राखेचे असतात. दोन्हींतला भेद कसा ओळखायचा, ते पुढच्या लेखात वरंधा घाटात पाहू.