भेंडीच्या बारा कुंड्या आणि एक संशोधन प्रश्न

पेटची मुलाखत असो की सिनॉप्सिसचं प्रेझेंटेशन, एक प्रश्न हमखास येतो: "तुमचा संशोधन प्रश्न नेमका काय आहे?" बरेच विद्यार्थी याचं उत्तर विषय सांगून देतात. "सर, मी उन्हाळी भाजीपाल्यावर काम करणार आहे." हा विषय झाला, प्रश्न नाही. विषयापासून प्रश्नापर्यंत आणि प्रश्नापासून प्रयोगापर्यंत कसं जायचं, हे आज आपण परसबागेच्या उदाहरणावरून बघू. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बारा कुंड्या, एक वजनकाटा, एक वही आणि शेवटी कढई एवढं पुरतं.

मी राहतो चितेगावला, पैठण रोडवर. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 40 अंशांच्या पुढे जातो, बोअरचं पाणी खाली जातं आणि टँकरची वाट बघणं सुरू होतं. जायकवाडी जवळ आहे म्हणून नळाला पाणी असेलच असं नाही. त्यामुळे उन्हाळ्यात घरामागे भाजी लावायची म्हटलं की घरातलं कुणीतरी विचारतंच, "प्यायला पाणी नाही, आणि झाडांना कुठून घालणार?" हा टोमणा वाटतो, पण खरं तर तो उत्तम संशोधन प्रश्नाचा कच्चा माल आहे.

निरीक्षणापासून सुरुवात

उन्हाळ्यात परसबागेकडे नीट बघितलं तर एक गोष्ट लगेच दिसते. टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात. त्याच मातीत, त्याच पाण्यावर भेंडी आणि गवार मात्र लागत राहते. तांदूळजा आणि घोळ तर कुणी न लावताही उगवतात.

शेजारचे काका सांगतात, "खत कमी पडतंय." दुकानदार सांगतो, "बोरॉन मारा." कुणी म्हणतं, "मधमाश्या राहिल्या नाहीत." या तिन्ही गोष्टी शक्यता आहेत. संशोधनाच्या भाषेत यांना गृहीतकं म्हणतात. चौथं गृहीतक तापमानाचं. टोमॅटोचे परागकण उष्णतेला नाजूक असतात. दिवसाचं तापमान 35 अंशांच्या वर आणि रात्रीचं विशीच्या बरंच वर राहिलं, की परागकण नीट तयार होत नाहीत आणि फुल गळतं.

आता महत्त्वाचा मुद्दा. चार गृहीतकं आहेत म्हणून चर्चा करत बसायचं नाही. प्रत्येक गृहीतक खरं असेल तर काय दिसायला हवं, ते लिहून काढायचं. खताची कमतरता असेल तर खत दिल्यावर नव्या फुलांना फळं धरली पाहिजेत. परागीभवन कमी पडत असेल तर सकाळी फुलांचे झुबके हलकेच हलवल्यावर फरक पडला पाहिजे, कारण टोमॅटोचं फुल स्वतःच्याच परागावर फळतं, त्याला फक्त हादरा लागतो. आणि कारण तापमान असेल तर खत देऊन, हलवूनही गळ चालूच राहील, पण पावसाळ्यात रात्री गार झाल्या की तेच झाड फळं धरायला लागेल. भाकितं वेगळी निघाली तरच गृहीतकं तपासता येतात. चारही गृहीतकं एकच भाकीत करत असतील तर प्रयोग करून उपयोग नाही.

तांदूळजा आणि घोळ का तगतात, यालाही कारण आहे. या दोन्ही वनस्पती सी-फोर पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. गरम हवेत साध्या पद्धतीच्या झाडांचं प्रकाशश्वसन वाढतं आणि कमावलेला कार्बन वाया जातो. सी-फोर झाडांत हे नुकसान फार कमी होतं आणि तेवढ्याच वाढीला पाणीही कमी लागतं. घोळ तर पाण्याचा ताण पडला की निवडुंगासारखी रात्री कार्बन डायऑक्साइड घ्यायची पद्धतही वापरते. उन्हाळ्याच्या पालेभाजीत आपल्या आज्या या दोन भाज्या का निवडत, ते यावरून कळतं.

प्रश्न छोटा करा

"उन्हाळ्यात परसबाग परवडते का?" हा प्रश्न मोठा आहे. पाण्यात परवडते की पैशात? कुणाला? कोणती भाजी? त्याला कापत कापत असं करता येतं:

"कुंडीतल्या भेंडीला पाचटाचं किंवा वाळल्या पानांचं आच्छादन केलं, तर तेवढ्याच पाण्यात खाण्याजोगी भेंडी जास्त मिळते का?"

यात पीक ठरलं, उपाय ठरला, तुलना ठरली आणि मोजायचं काय तेही ठरलं. "तेवढ्याच पाण्यात" हे दोन शब्द मुद्दाम घातलेत. सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी देऊन उत्पादनाची तुलना करणं हा एक प्रयोग. प्रत्येक कुंडी ठरलेल्या वजनापर्यंत भरून पाण्याची तुलना करणं हा दुसरा प्रयोग. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्ही एकदम करता येत नाहीत. प्रश्नच पद्धत ठरवतो.

पाण्याचा अंदाज आधी कागदावर काढा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. बारा इंच व्यासाच्या कुंडीचं तोंड साधारण 0.07 चौरस मीटर, म्हणजे बारा कुंड्यांचं मिळून 0.85. उन्हाळ्यात दिवसाला 7 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर सुमारे 6 लिटर. पानांचा पसारा कुंडीच्या बाहेर जातो, म्हणून प्रत्यक्षात यापेक्षा जास्त लागेल. ते किती, हे काट्यावर कळतं: संध्याकाळी आणि दुसऱ्या संध्याकाळी पाणी देण्याआधी कुंडीचं वजन करा. एक किलो घट म्हणजे एक लिटर पाणी. आता तांदूळ-डाळ धुतलेलं आणि भाजी धुतलेलं पाणी एका बादलीत जमा करून मोजा. साबणाचं पाणी यात धरू नका. या दोन आकड्यांतून घरच्या त्या प्रश्नाला उत्तर मिळतं, वाद घालायची गरज पडत नाही.

सहा जोड्याच का?

बारा कुंड्या म्हणजे सहा जोड्या. पश्चिमेची भिंत दुपारी तापते, म्हणून भिंतीजवळच्या दोन कुंड्यांची एक जोडी, झाडाच्या सावलीतल्या दोघींची दुसरी, असं करायचं. याला ब्लॉकिंग म्हणतात. जोडीतल्या कोणत्या कुंडीला आच्छादन, ते नाणं उडवून ठरवायचं. हे रँडमायझेशन. "मी निःपक्षपणे निवडतो" असं म्हणून भागत नाही, कारण टवटवीत रोपाकडे हात आपोआप जातो.

ही पद्धत शेतातूनच आली आहे. रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रुजू झाले. तिथल्या शेतांच्या नोंदींवर काम करताना त्यांनी रँडमायझेशन, ब्लॉकिंग आणि पुनरावृत्ती यांची मांडणी केली, आणि 1935 मध्ये प्रयोगरचनेवरचं त्यांचं पुस्तक आलं. आपल्याकडे हे शास्त्र शेती संशोधकांपर्यंत पोहोचवलं ते वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. दोघांचं शेती संशोधकांसाठीचं संख्याशास्त्राचं पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने 1954 मध्ये काढलं. कृषी विद्यापीठांत आजही "पानसे-सुखात्मे" एवढंच म्हटलं तरी पुरतं.

आता आकडा बघा. आच्छादनाचा काहीच परिणाम नाही असं धरलं, तर प्रत्येक जोडीत कुठली कुंडी पुढे जाईल हे नाणेफेकीसारखं. सहाही जोड्यांत एकच बाजू पुढे असण्याची शक्यता 64 पैकी 2, म्हणजे 0.031. ही 0.05 च्या खाली आहे. पाचच जोड्या घेतल्या तर पाचही एका बाजूला असण्याची शक्यता 32 पैकी 2, म्हणजे 0.0625. म्हणजे पाच जोड्यांत निकाल कितीही स्वच्छ आला तरी या साध्या चाचणीत तो 0.05 च्या खाली जाऊच शकत नाही! आणि सहापैकी एक जोडी उलटी गेली तर? शक्यता 0.22 होते. म्हणून सहा ही किमान संख्या आहे, आरामाची नाही. जागा असेल तर आठ-दहा जोड्या घ्या. "सॅम्पल साइज एवढाच का?" असं समितीने विचारलं तर उत्तर असं आधी गणित करून तयार ठेवायचं असतं.

एका जाळीखाली सहा कुंड्या

शेडनेट का नाही घेतलं? कारण घरी जाळी एकच असते. तिच्याखाली सहा कुंड्या आणि उघड्यावर सहा कुंड्या ठेवल्या, तर बघताना सहा-सहा नमुने वाटतात. प्रत्यक्षात जाळी एक, म्हणून नमुना एकच. त्या कोपऱ्यात वाराच कमी असेल तर? फरक जाळीचा की कोपऱ्याचा, हे सांगता येणार नाही. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये यावर लिहिलेला लेख पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातच वाचून ठेवा. एकाच इन्क्युबेटरमधल्या दहा प्लेट्स, एकाच वर्गातले साठ विद्यार्थी, सगळीकडे हाच घोळ होतो. आच्छादन मात्र प्रत्येक कुंडीला स्वतंत्र घालता येतं, म्हणून तो प्रश्न आपल्या साधनांत बसतो.

बियाणं एकाच वाणाचं घ्या. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली "परभणी क्रांती" ही भेंडी केवडा रोगाला प्रतिकारक म्हणून ओळखली जाते. हा रोग पांढरी माशी पसरवते. तरीही एखादं रोप गेलं तर काय करायचं, हे पेरणीआधीच वहीत लिहा: ती जोडी पूर्ण वगळणार की शून्य धरणार? निकाल बघून नियम ठरवला की तो नियम राहत नाही.

मोजमाप स्वयंपाकघरात संपतं

फेब्रुवारीत पेरलेली भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांत तोडणीला येते. तोडणी एक दिवसाआड, ठरलेल्या वेळी. भेंडी झपाट्याने वाढते आणि दोन दिवस जास्त राहिली तर जून होते. वजन भरपूर, पण कढईत उपयोग शून्य. म्हणून "उत्पादन" म्हणजे काय, याची व्याख्या आधी करावी लागते. माझी व्याख्या: देठ आणि जून शेंगा काढून जे चिरायला घेतलं जातं त्याचं ग्रॅममधलं वजन.

निवडायचं काम आईकडे द्या, पण कोणती टोपली कोणत्या कुंडीची हे तिला सांगू नका. टोपलीवर फक्त नंबर. जून कोणती आणि कोवळी कोणती हे तिचा अंगठा सांगतो, आपली आशा सांगत नाही. यालाच ब्लाइंडिंग म्हणतात, औषधांच्या चाचण्यांत करतात तेच.

वजन झालं की सगळ्या टोपल्या एकत्र आणि भाजी. इथेही विज्ञान आहेच. भेंडीचा चिकटपणा पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिसॅकराइडमुळे येतो. म्हणून भेंडी आधी धुवून, पुसून कोरडी करायची, मगच चिरायची. कढई चांगली तापवून, झाकण न ठेवता परतायची. दोन आमसुलं किंवा लिंबू पिळलं की तार कमी होते. मीठ शेवटी, कारण मिठाने पाणी सुटतं. वरून शेंगदाण्याचा कूट, सोबत ज्वारीची भाकरी आणि ठेचा. घोळीच्या भाजीत ऑक्सॅलेट बरंच असतं. उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवून ते पाणी टाकलं की त्यातला काही भाग निघून जातो. मग डाळ घालून पातळ भाजी करा.

एक सूचना गंभीरपणे घ्या. दुधी, काकडी, दोडका लावला असेल तर चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंकून टाका आणि ते फळ फेका. त्यातली कुकुरबिटॅसिन विषारी असतात आणि शिजवून जात नाहीत. उष्णता आणि पाण्याचा ताण यांनी हा कडूपणा वाढू शकतो, म्हणजे नेमका आपल्या उन्हाळ्यात. "प्रयोगाचं फळ आहे, वाया कशाला घालवायचं" हा विचार इथे चालत नाही.

घरचा प्रयोग हा प्रयोग असतो का?

असतो. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे अभ्यासक. त्यांनी "प्रयोग परिवार" उभा केला, आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या रानात प्रयोग करून एकमेकांना निष्कर्ष सांगावेत हा विचार रुजवला. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांपासून शहरातल्या गच्चीवरच्या बागांपर्यंत तो पोहोचला. पण घरच्या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. आपले निष्कर्ष एका अंगणापुरते, एका हंगामापुरते आहेत. "आच्छादनाने मराठवाड्यात भेंडी वाढते" असं बारा कुंड्यांवरून लिहिता येत नाही. "या अंगणात, या उन्हाळ्यात, सहापैकी इतक्या जोड्यांत" असं लिहिता येतं. आणि फरक दिसला नाही, तर तेही लिहायचं.

पुढच्या फेब्रुवारीत बी टाकण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर सहा ओळी लिहा: प्रश्न, तुलना, नमुन्यांची संख्या आणि ती का, वाटप कसं केलं, काय आणि कधी मोजणार, रोप मेलं तर नियम काय. खाली तारीख टाका. तुमच्या सिनॉप्सिसमधल्या संशोधन पद्धतीच्या प्रकरणातही याच सहा गोष्टी मागितलेल्या असतात. फक्त तिथे भेंडीच्या जागी तुमचा विषय येतो.