टाचेचं दुखणं आणि विजेच्या पट्ट्या

फजरला उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा रुतल्यासारखं होतं. चार पावलं चाललं की कमी होतं. फळ्यासमोर उभं राहणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे ओळखीचं. तळपायात टाचेपासून बोटांपर्यंत जाड पडदा असतो, दुखणं त्याचं. एक्स-रेत दिसणाऱ्या वाढलेल्या हाडाला आपण उगाच घाबरतो. ते न दुखणाऱ्या टाचेतही सापडतं.

विजेच्या पट्ट्या लावल्या की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आम्हालाही वाटलं. पण २००९ च्या एका अमेरिकी अभ्यासात, ताणाचा व्यायाम आणि बुटात आधार घेणाऱ्यांना विजेमुळे जास्तीचा फायदा दिसला नाही. मग पैसे कशाला?

बिछान्यातच पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यावा, बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा मोजावेत. असं दहा वेळा. शिवाय एक दिवसाआड पायरीवर, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाच सावकाश वर-खाली करावी. २०१४ च्या डेन्मार्कच्या अभ्यासात तीन महिन्यांनी याचा गुण नुसत्या ताणापेक्षा जास्त दिसला. महिने लागतात, अम्मींना हेच पटत नाही! डायबेटिसने पाय बधिर असतील, पेसमेकर असेल किंवा दिवस गेले असतील, तर पट्ट्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नयेत.